पाऊण इंच

नांदेड, ९ जुलै २०२४

मोठे अप्पांना दामिनीचे शरणार्थ.

तुमचं पत्र काल एसटीच्या पार्सलमधून, टॉवेलच्या घडीत ठेवलेलं, मिळालं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर नकार देता येत नाही, तेव्हा आपण दोघांनी लिहिलेलंच बरं.

बाबांच्या जागी दुकानात कापायला ये, असं तुम्ही लिहिलं आहे. मला जमणार नाही. नोकरी हे एक कारण आहेच. मी इथे गणवेशांच्या कारखान्यात कागदी नमुने काढते. तीन वर्षांत माझा एकही नमुना परत आलेला नाही, आणि हे काम मला आवडतं. दुसरं कारण तुम्हालाही माहीत आहे. आपल्या शांतम्मा टेलर्समध्ये पुरुषांचे कपडे शिवतात. अहमदपूरच्या बाजारात कोण पुरुष एका मुलीपुढे हात पसरून माप द्यायला उभा राहील? आणि कुणी राहिलाच, तरी मला अनोळखी माणसांना हात लावायला आवडत नाही. संगणकातलं शरीर मला सोयीचं वाटतं. ते श्वास घेत नाही, त्यामुळे त्याचं माप बदलत नाही.

पण पत्रातली दुसरी गोष्ट मी तीनदा वाचली. बाबा जाऊन चौदा महिने झाले आणि तेव्हापासून त्यांच्या टेबलावर कापड पसरलेलं नाही. अमरेशला ते आठ फुटी टेबल काढून तिथे जीन्स मांडायच्या आहेत, आणि त्याने तुम्हाला महाशिवरात्रीपर्यंतची मुदत दिली आहे. मुलाने वडिलांना मुदत द्यावी हे वाचून बरं वाटलं नाही. पण त्याचं अगदीच चूक आहे, असंही मला म्हणता येत नाही. नुसतं मोकळं पडलेलं टेबल म्हणजे अडलेली जागा.

म्हणून माझं एक सुचवणं आहे. बाबांच्या मापाच्या वह्या मला पाठवा. जुन्या गिऱ्हाइकांची मापं त्यांत आहेत. त्यांवरून मी नमुने काढून इथल्या यंत्रावर कागदावर छापीन. साहेबांना विचारलं आहे, कागद माझा मी आणीन. तुम्ही तो कागद कापडावर ठेवायचा आणि रेघेवरून कात्री चालवायची. दुकानातले निवृत्तीमामा शिवतील. टेबलावर कापड पसरलेलं दिसलं की अमरेशचा अर्धा मुद्दा संपेल.

आई उदगीरला मामांकडे बरी आहे.

तुमची,
दामिनी


अहमदपूर, १७ जुलै २०२४

चि. दामिनीला वीरण्णाचा आशीर्वाद.

तुझं पत्र निवृत्तीला वाचून दाखवलं. तो म्हणला, पोरगी न्हाई म्हणताना बी दुहेरी शिवण घालून म्हणती, उसवायला जागा ठेवत न्हाई.

सोमेशच्या तीन वह्या पाठवून राहिलो. पुसल्या न्हाईत. पानात खडूचा भुगा असंल तो झटकू नको, त्याच्या हातचा हाय.

तुला दुकानाचं काम कसं चालायचं ते ठाऊक न्हाई, लहानपणापासून तू वसतिगृहातच. चाळीस वर्षं मी कापड दाखवलं अन् त्यानं कापलं. मी बोलायचो, तो गप. गिऱ्हाईक आलं की मी विचारायचो, जावई कसा हाय, पाऊस कितपत झाला, बैल विकला का. गिऱ्हाईक बोलण्यात गुंगलं की मागनं सोमेशची टेप पडायची. माप देतोय म्हणलं की माणूस छाती काढून उभा राहतो, श्वास धरतो, खोटा होतो. बोलताना माणूस जसा हाय तसा राहतो. घरी जाताना लोक विचारायचे, माप घ्यायचं राहिलं का? आम्ही म्हणायचो, झालं की.

आता मी विचारतो जावई कसा हाय, अन् मागं कुणीच नसतं. उगा बोलल्यागत वाटतं.

परवा दुपारी खुर्चीवर डोळा लागला. स्वप्नात टेबलावर पांढरं कापड आपोआप उलगडत होतं अन् सोमेश त्याच्यावरून अनवाणी चालून राहिला, हातात निळा खडू. त्याची रेघ टेबलावरून उतरली, उंबरा ओलांडून स्टँडावर गेली, तिथनं लोह्याच्या रस्त्याला लागली. मी म्हणलो, अरे बाबा, कापड संपंल. तो म्हणला, अण्णा, माणसं तेवढी हायेत. जागा झालो तर समोर एक जण बनियन मागत उभा.

तू म्हणतीस तसं करू. अमरेशला सांगितलं. तो म्हणला, ताईचा कागद बघू काय करतो ते. लेक वाईट न्हाई माझा. त्याला जागा दिसती, मला टेबल दिसतं.

वीरण्णा


नांदेड, ४ सप्टेंबर २०२४

मोठे अप्पांना शरणार्थ.

तिन्ही वह्या मिळून चारशे बारा माणसं आहेत. सगळी मापं मी संगणकात भरली. बाबांचा आकडा लिहायचा ढंग मी विसरले होते. त्यांचा चार उघड्या तोंडाचा असतो, आणि पाव इंच लिहायला ते नुसता एक तिरका फराटा ओढतात. पहिले दोन दिवस मी फराट्यांना शाईचे डाग समजत होते. आता चूक होत नाही.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. बऱ्याच जणांच्या छातीपुढे एकाखाली एक असे दोन आकडे आहेत. वरती एकोणचाळीस आणि पाऊण, खाली एकोणचाळीस, असे. माणूस नंतर बारीक झाला आणि बाबांनी नवं माप खाली लिहिलं, असं मी धरलं आहे. नवा आकडा नेहमी खाली येतो. म्हणून सगळीकडे खालचा घेतला.

शनिवारी चौदा शर्टांचे नमुने पाठवले. कारखाना सुटल्यावर यंत्रापाशी मी एकटी असते. कागद हळूहळू बाहेर येतो. आधी खांदे येतात, मग काखेचा बाक, मग छाती. चेहरा कधीच येत नाही. समोरची पडकी भिंत उन्हाने पिवळी झालेली असते आणि अहमदपूरची चौदा माणसं एकेक करून पांढरी, सपाट, न बोलता माझ्या हातात येतात. मी त्यांची गुंडाळी करून नळीत घालते. स्टँडवर कंडक्टरने विचारलं, नळीत काय आहे? मी म्हटलं, कागद. बस सुटल्यावर वाटलं, निदान खिडकीची जागा द्यायला हवी होती त्यांना.

हे वाक्य निवृत्तीमामांना वाचून दाखवू नका.

दामिनी


अहमदपूर, २० नोव्हेंबर २०२४

चि. दामिनी,

दाखवलं. तो हसला न्हाई. म्हणला, बरोबर हाय पोरीचं, पुढच्या वेळी जागा धरू.

तुझे शर्ट लोकांनी नेले. सैल हाफ शर्टाला काही अडचण येत न्हाई, बसतात. टेबलावर कापड पडलं की दुकानाचा वास बदलतो, हे मी विसरून गेलो होतो. दुपारी पंख्याच्या वाऱ्यानं कागदाची माणसं टेबलावर जरा जरा उठून बसल्यागत करतात. मी त्यांच्यावर कात्री ठेवतो अन् म्हणतो, झोपा, अजून तुमचं कापड यायचं हाय.

आता कामाचं. मुखेडचे संगप्पा सावकार तुला आठवतात का? सोमेशच्या जुन्या गिऱ्हाइकातले, आपल्यातलेच. त्यांच्या धाकट्या पोराचं, शिवांशचं, लग्न हाय पंधरा डिसेंबरला. घरातल्या अकरा पुरुषांना एकसारखी जाकिटं पाहिजेत, बंद गळ्याची, अंगाबरोबर. अमरेश म्हणला, तयार मागवू, आठ दिवसांत येतील. संगप्पा म्हणले, माझ्या लग्नातला कोट या टेबलावर कापला, पोराचं जाकीट बी इथंच कापायचं. अकराही जणांची मापं दुसऱ्या वहीत हायेत. तरी एकदा घालून बघायला बोलवू का, ते कळव.

अमरेश त्यांच्यासमोरच म्हणला, अप्पा, ही अकरा जाकिटं नीट झाली तर मी टेबलाचं नाव काढणार न्हाई. नाही झाली तर शिवरात्रीला सुतार बोलावणार. मी म्हणलो, हाव.

आता सगळं तुझ्या कागदावर हाय. तुझ्यावर भार टाकायचा म्हणून लिहीत न्हाई, पण लिहिल्याशिवाय राहवत बी न्हाई.

वीरण्णा


नांदेड, २८ नोव्हेंबर २०२४

मोठे अप्पांना शरणार्थ.

अकरा जाकिटांचे नमुने सोबत आहेत. प्रत्येकावर नाव लिहिलं आहे. कापडाची लव सगळीकडे एकाच दिशेला राहील एवढं बघा.

संगप्पांच्या घरातल्या अकराही जणांपुढे दोन आकडे आहेत आणि अकराही जण बरोबर पाऊण इंचाने बारीक झालेले आहेत. हे जरा विचित्र वाटलं. एका घरात सगळ्यांना एकच डॉक्टर जेवण सांगत असेल, असं समजून पुढे गेले.

तुम्ही विचारलं आहे की मुखेडच्या लोकांना एकदा घालून बघायला बोलवावं का. गरज नाही. मी प्रत्येक नमुना तीन वेळा तपासला आहे. पाव इंचाच्या आत आहे.

दामिनी


अहमदपूर, १९ डिसेंबर २०२४

चि. दामिनी,

लग्न झालं. जेवण चांगलं होतं, हुग्गी लई दिवसांनी खाल्ली. जाकिटं सगळ्यांनी घातली होती. रंग खुलला.

थंडी पडली हाय, स्वेटर घालत जा. सध्या नमुने पाठवू नको, काम कमी हाय. तू आराम कर.

वीरण्णा


नांदेड, ६ जानेवारी २०२५

मोठे अप्पांना शरणार्थ.

तुमचं पत्र आठ ओळींचं होतं. तक्रार असती तर तुम्ही दोन पानं लिहिली असती, म्हणून सगळं ठीक आहे असं मी समजते. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे काम कमी हेही बरोबर. अमरेश आता टेबलाबद्दल काही बोलत नसेल.

मी नमुने पाठवत नाही, पण सवय लागली आहे. संध्याकाळी यंत्र बंद झाल्यावरही मी थोडा वेळ थांबते. परवा कोरा कागद बाहेर आला, कुणीतरी चुकून बटण दाबलं असेल. पाच फूट कोरा कागद. मी तो फाडून गुंडाळून ठेवला. का, ते सांगता येणार नाही.

लग्नातला एखादा फोटो असेल तर पाठवा. मला तिसऱ्या बटणापाशी कापड कसं बसलं ते पाहायचं आहे.

दामिनी


अहमदपूर, ११ जानेवारी २०२५

दामिनीताई,

मी अमरेश. अप्पांच्या पार्सलात हे पत्र मी सरकवलंय, त्यांना माहीत नाही. मोबाईलवर लिहायला बसलो होतो, पण तू ओके म्हणून पाठवशील आणि तुला काय वाटलं ते मला कळणार नाही.

अप्पा तुला सांगणार नाहीत म्हणून सांगतो. जाकिटं बसली नाहीत. खांदा, बाही, लांबी, सगळं एक नंबर. पण छातीवर ओढत होती, सगळ्यांचीच, एकाच जागी. गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर कापड ताणलं जायचं आणि तिसरं बटण लागायचं नाही. लावलंच तर डबीचा गोल कापडातून वर दिसायचा. संगप्पा सावकार मांडवात सारखे तिथं हात नेत होते. शेवटी त्यांनी जाकीट काढलं, घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. मग त्यांच्या भावानं काढलं. मग एकेकानं. चाळीस मिनिटांत अकराही जाकिटं खुर्च्यांवर होती. नवरदेव शिवांशसुद्धा शर्टावर. मी लांबून बघितलं तर असं वाटलं की वऱ्हाडाबरोबर दुसरीच अकरा माणसं आली आहेत, डोकी नसलेली, आणि गुमान लग्न बघत बसली आहेत.

अप्पांनी जेवण झाल्यावर जाकिटं गोळा केली आणि मांडीवर घेऊन एसटीनं आणली. दुकानात टांगलीत. कुणी विचारलं तर म्हणतात, नवा नमुना हाय, विकायचा न्हाई.

शिवरात्रीला सुतार सांगितलाय. मी जिंकलो, ताई. पण अप्पा आता गिऱ्हाइकाला जावई कसा हाय म्हणून विचारत नाहीत. नुसतं नंबर सांगा म्हणतात, चाळीस की बेचाळीस. ते मला ऐकवत नाही.

अमरेश


नांदेड, १५ जानेवारी २०२५

मोठे अप्पा,

अमरेशने मला सगळं कळवलं. त्याला रागावू नका.

चूक कुठे झाली ते मला त्याचं पत्र वाचताना डबीची ओळ आली तिथेच कळलं. बाबांचे दोन आकडे म्हणजे जुना आणि नवा नव्हेत. वरचा डबीवरून घेतलेला, खालचा डबीशिवाय. मधला पाऊण इंच पुढच्या पल्ल्यात द्यायचा असतो. माणूस बारीक झालेला नव्हता. चारशे बारापैकी एकशे शहाण्णव जणांपुढे दोन आकडे आहेत, आणि मी परत पाहिलं, ते सगळे आपल्यातले, लिंगायत आहेत. नावं वाचली असती तरी समजलं असतं. मी आकडे वाचले.

दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर समजण्यासारखी होती. मी करायला नको होती. का केली तेही लिहिते, कारण ते मी तुमच्यापासून तीन वर्षं लपवलं आहे. आमच्या कारखान्यात कपड्यात सुई राहू नये म्हणून फाटकावर धातू शोधणारं यंत्र आहे. अंगावर धातू चालत नाही. पहिल्या दिवशी ते वाजलं. मी गळ्यातलं इष्टलिंग काढलं आणि खोलीवर पेटीत ठेवलं. रोज काढायचं आणि घालायचं असं ठरवलं होतं. पहिला आठवडा केलं. मग रविवारी घालायचं ठरवलं. मग तेही राहिलं. बाबांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, पण शेवटच्या दिवाळीत त्यांनी माझ्यासाठी कुडता कापला तेव्हा वहीत माझ्यापुढे एकच आकडा लिहिला. संगणकात भरताना तोही मी नुसता आकडा म्हणून भरला होता, आज नीट पाहिला. त्यांना माहीत होतं.

तुम्ही घालून बघायला बोलवू का म्हणून विचारलंत आणि मी गरज नाही असं लिहिलं. तेही माझंच.

जाकिटं पाठवून द्या. शिवणीत थोडा दाब, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, आहे, पण तो बाजूला आहे, पुढे नाही. पुढचे पल्ले नवे कापावे लागतील. त्यासाठी मापं पुन्हा हवीत, आणि ती वहीवरून मी आता घेणार नाही. दोन फेब्रुवारीला, रविवारी, मुखेडला जाऊन मी स्वतः घेणार आहे. ते उभे राहिले तर.

दामिनी


अहमदपूर, २० जानेवारी २०२५

चि. दामिनी,

जाकिटं पाठवून राहिलो. इस्त्री करून दिलीत निवृत्तीनं.

थोडं माझं बी ऐक. शिवून आली तेव्हा एक मी अंगात घालून बघितलं होतं. माझ्या बी डबीवर ओढलं. वाटलं, माझं पोट हाय, माप माझं न्हाई. खरं सांगू का, मला ते दिसलं होतं. पण तू तीनदा तपासलं म्हणून लिहिलं होतंस, मग मी कोण? अन् अमरेशसमोर तुझ्या कागदात खोट काढायची जीभ झाली न्हाई. तेव्हा चूक दोघांत वाटून घेऊ.

सोमेश कसं करायचा ते सांगतो. आधी डबीवरून टेप. मग म्हणायचा, मालक, देवाला जरा हातात घ्या. माणूस आपल्या हातानं डबी उचलून धरायचा अन् सोमेश खालनं टेप फिरवायचा. डबीला कधी स्वतः हात लावला न्हाई त्यानं. तेवढं लक्षात ठेव.

बाईनं पुरुषाचं माप घ्यायचं कसं, हे तू जुलैपासून धरून बसलीस. दुकानावर शांतम्मा कुणाचं नाव हाय? माझ्या आईचं, तुझ्या आजीचं. कापड विकणारे एजंट अजून बी विचारतात, शांतम्मा सेठ कुठं हायेत? लोक समजतात की आईच्या मायेनं नाव दिलं. तसं न्हाई. माझे वडील लष्करी बराकीतनं टेलरिंग शिकून आले, पण त्यांचा हात थरथरायचा. पहिली पाच वर्षं आतल्या खोलीत माझी आई कापायची अन् बाहेर वडील शिवायचे. गावाला ठाऊक होतं, कुणी बोललं न्हाई. ती माप घ्यायला मात्र कधी बाहेर आली न्हाई. तेवढंच राहिलंय.

इष्टलिंगाचं मी काही म्हणत न्हाई. ते तुझं तू बघ. सोमेशनं एक आकडा लिहिला अन् कुडता बरोबर बसला ना, मग झालं.

टेबल जाईल ह्याचं दुःख हाय, खोटं कशाला बोलू. चाळीस वर्षं मी बोललो ते त्या टेबलाच्या माणसासाठी. ते गेलं की मला बोलायला कारण उरत न्हाई.

संगप्पा तोंडाचे फटकळ हायेत. मनावर घेऊ नको.

वीरण्णा


नांदेड, ४ फेब्रुवारी २०२५

मोठे अप्पा,

रविवारी मुखेडला जाऊन आले. घडलं तसं लिहिते. निवृत्तीमामा ते गावभर सांगणारच आहेत, निदान मूळ प्रत बरोबर असावी.

सकाळी धुकं होतं. कंधार सोडल्यावर शेतं दिसेनाशी झाली. मधूनच एखादं झाड यायचं, निळ्या खडूने काढून अर्धवट सोडल्यासारखं, आणि पुसलं जायचं. मांडीवर अकरा जाकिटांची पिशवी होती. बसमध्ये ऊब होती आणि माझा डोळा लागला असावा, कारण मला वाटलं की पिशवीतून कुणीतरी अगदी सावकाश श्वास घेतं आहे. मी पिशवी घट्ट धरली. श्वास माझाच होता.

संगप्पा अंगणात तुरीच्या राशीपाशी खुर्ची टाकून बसले होते. "सोमेशची पोरगी का तू?" म्हणाले. मी हो म्हटलं.

"तुझ्या बापानं शिवलेला कोट तीस वर्षं झाली पेटीत हाय. तुझं जाकीट तासभर बी टिकलं न्हाई."

मी म्हटलं, "तास नाही, चाळीस मिनिटं. अमरेशने वेळ पाहिली होती."

ते हसले नाहीत, पण तुरीत फिरणारा हात थांबला. मग मी चूक सांगितली, आणि कारणही सांगितलं, फाटकावरच्या यंत्रापासून. ते सांगायची गरज नव्हती. पण अर्धं कारण सांगणं मला जमत नाही.

"म्हणजे संगणकात तू आम्हाला उघड्या गळ्याचं बसवलंस," ते म्हणाले. आणि आत तोंड करून मोठ्याने, "सूनबाई, ऐकलं का? साऱ्या घराला भवी, बिनलिंगाचं, करून टाकलं की ह्या पोरीनं." आत बायका हसल्या. मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं.

मी टेप काढली. "माझ्या सुनेनं बी पाया पडण्यापलीकडं मला हात लावला न्हाई," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मलाही आवडत नाही. दोघांनाही आवडत नाही, तेव्हा लवकर होईल."

ते उठले. हात पसरले, छाती काढली, डोळे मिटले, श्वास धरला. अगदी तुम्ही लिहिलं होतं तसे खोटे झाले. बोलायला तुम्ही नव्हता. अंगण इतकं शांत होतं की तुरीत शिरलेली चिमणी ऐकू येत होती. मग मीच विचारलं, "जावई कसा आहे?"

"जावई? चार पोरंच हायेत मला, पोरगी न्हाई. जावई कुठनं आणू?" ते हसले आणि श्वास सुटला. तेवढ्यात मी टेप टाकली.

हाताखाली डबी लागली. ती थंड असेल असं मला वाटलं होतं. अंगाइतकीच गरम होती. मी एरवी आकडा वाचून लगेच हात काढते. या वेळी थोडा उशीर झाला. एक क्षण असं वाटलं की हे अंगण, तूर, धुकं, आतल्या बायका, सगळं या लहानशा गोलाभोवती बेतलेलं आहे आणि टेपचं टोक तेवढं माझ्या हातात आहे. बेचाळीस आणि पाऊण. मग मी म्हटलं, मालक, देवाला जरा हातात घ्या. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. हे शब्द त्यांनी ओळखले. डबी उचलून धरली. बेचाळीस.

मग शिवांश आला, भाऊ आले, पुतणे आले. अकरा जणांना दीड तास लागला. शेवटच्या तिघांनी माझ्या विचारण्याची वाटही पाहिली नाही, आपणहून जावयांच्या तक्रारी सांगू लागले. नवे पल्ले कालच छापले. जाकिटांबरोबर सोबत आहेत, कापा.

आता टेबल. अमरेशला जागा हवी आहे आणि ते खरं आहे. मी परतताना बसमध्ये मांडून पाहिलं. अंगाबरोबरच्या जाकिटाला किंवा शर्टाला, कागद नीट लावले तर, पाच फूट पुरतात. आठ फूट पूर्वी लागायचे, कारण बाबा दोन कोट शेजारी शेजारी मांडायचे. तेव्हा टेबल काढायचं नाही, कापायचं. रस्त्याकडच्या टोकापासून पाच फुटांवर रेघ मारा. तीन फूट अमरेशचे. त्याला मी हे वेगळं लिहिलं आहे. त्याचं उत्तर मोबाईलवर आलं. ओके.

मार्चपासून दर रविवारी सकाळच्या बसने मी येईन. मापं मी घेईन. पण मला बोलता येत नाही. जावयांबद्दल विचारायचं काम तुमचं.

कारखाना रविवारी बंद असतो. रविवारी मी इष्टलिंग घालते.

दामिनी


अहमदपूर, २ मार्च २०२५, रविवार सकाळ

दामिनी,

हे पत्र पार्सलात घालणार न्हाई. तू आत्ता बसमधी असशील. आलीस की हातात देणार अन् मी चहा सांगायला बाहेर जाणार. हे तोंडावर बोलणं मला जमत न्हाई.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सुतार आला. पाच फुटांवर रेघ मी मारली, दोनदा मोजून. सुतार म्हणला वाकडी हाय. मग अमरेशनं मारली. करवत लागली तेव्हा मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. आतनं आवाज येत होता अन् मी बसगाड्या मोजत होतो. मग भुशाचा वास आला, सागवानाचा, बाहेरपर्यंत. आत जाऊन बघतो तर साठ वर्षांच्या त्या काळ्या टेबलाच्या पोटात लाकूड पिवळंधमक. जणू कालच वखारीतनं आणलं. मी त्यावर हात फिरवला. निवृत्ती म्हणला, मालक, रडता का काय? मी म्हणलो, भुसा गेला डोळ्यात. तो म्हणला, भुसा तर खाली पडलाय.

अमरेशनं तीन फुटांना पाय लावून त्यावर जीन्सच्या घड्या मांडल्या. पहिल्याच दिवशी पाच गेल्या. मग माझ्याजवळ येऊन म्हणला, अप्पा, रविवारी मी तिकडच्या बाजूला बसतो, ताईला गर्दी नको. मुलाला बी आता टेबल दिसायला लागलंय, किंवा मला जागा.

संगप्पांचा निरोप आला. शिवरात्रीला अकराही जणांनी जाकिटं घातली, सगळी बटणं लागली. त्यांनी मुखेडच्या बाजारात काय सांगितलं ठाऊक न्हाई. पण आज दुकान उघडायच्या आधीच बाहेर पायऱ्यांवर नऊ जण बसलेत. सहा मुखेडचे, तीन गावातले. कुणी कुणाकडं बघत न्हाई, न्हाव्याकडं पहिल्यांदा आलेल्या पोरांगत मांडीवर हात ठेवून बसलेत. मी एकेकाला विचारून राहिलो, पीक कसं, जावई कसा. आज सगळे नुसतं बरं हाय म्हणतात. गळ्यापासली दोन बटणं मात्र सगळ्यांनी आधीच काढून ठेवलीत.

मी म्हणलो, अहो, ती अजून लोह्याला असंल, तासभर लागंल, चहा पिऊन या.

कुणी उठलं न्हाई.

वीरण्णा